दिवसाचा वॉचमन परत द्या : संकुलाच्या व्यवस्थापन समितीस खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या व्यापारी संकुलातल्या वाढत्या चोऱ्यांवर उपाय म्हणून समितीने काढलेले परिपत्रक सूचना फलकावर लागले आहे. दिवसपाळीचा वॉचमन बंद आणि त्याच्या वाचलेल्या पगारात रात्रपाळीला एक माणूस वाढवायचा. मागच्या जिन्याच्या दाराला कायमचे कुलूप. संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या नोकरवर्गाच्या पिशव्यांची झडती. आणि तळाशी ठळक अक्षरांत, 'गाळ्यांमधून होणाऱ्या चोरीस समिती जबाबदार राहणार नाही'. ज्या चोऱ्यांमुळे हे परिपत्रक निघाले, त्यांतली एकही रात्री झालेली नाही. सगळ्या दिवसाउजेडी, शटर वर असताना, दुकानात माणसे असताना झाल्या आहेत.

ही विसंगती मी अर्ज देऊन समितीच्या कानावर घातली होती. अर्जाची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. आता निर्णय अंमलात येऊ लागला आहे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहे. ते समितीला उद्देशून असले तरी बाकीच्या गाळेधारकांनी, आमच्याकडे काम करणाऱ्यांनी आणि इथे येणाऱ्या गिऱ्हाइकांनीही वाचावे. कुलूप लागले आहे ते त्यांच्याही वाटेला.

माझे तळमजल्यावर चष्म्याचे दुकान आहे. आमच्या धंद्याची एक अडचण अशी की नंबर तपासायला मला आतल्या अंधाऱ्या खोलीत जावे लागते. तेवढा वेळ पुढचे काउंटर कामावरच्या एकट्या मुलीच्या भरवशावर असते, आणि काउंटरवर काय असते, तर मुठीत मावतील अशा, वजनाला हलक्या, कुठेही विकता येतील अशा फ्रेमा. आमच्याकडे चोरी झाली ती अशी. एक गृहस्थ नंबर तपासायला माझ्याबरोबर आत आले. त्यांच्यासोबतचा माणूस बाहेर फ्रेमा पाहत बसला. एवढ्यात तिसरा दारात येऊन कुठल्याशा कार्यालयाचा पत्ता विचारू लागला. मुलगी सांगायला दोन पावले बाहेर आली. ती परत वळली तेव्हा फ्रेमांचा एक अख्खा ट्रे नव्हता, आणि तो माणूसही नव्हता. आत बसलेल्या गृहस्थांची दृष्टी, जाता जाता सांगतो, ठणठणीत होती. तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळसुद्धा त्यांनी न अडखळता वाचली.

वरच्या मजल्यावरच्या एका कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत हातात फायली घेतलेला, इस्त्रीच्या कपड्यातला माणूस शिरला. कोणी विचारलेच तर 'साहेब आहेत का?' हा प्रश्न तयार. विचारले कोणीच नाही. तो लॅपटॉप घेऊन गेला. मोबाइल दुरुस्तीच्या गाळ्यातून दुरुस्तीला आलेले फोन गेले, म्हणजे गिऱ्हाइकांचे फोन गेले. त्या गाळेधारकाला नुकसानीपेक्षा लोकांना तोंड दाखवणे जड झाले.

या सगळ्यांत कुठे कडी तुटली नाही की काच फुटली नाही. रात्रीच्या चोराला कुलूप तोडावे लागते. दिवसाच्या चोराला एक बहाणा पुरतो. दिवसा शटर वर असते, अलार्म बंद असतो आणि अनोळखी माणसाने आत यावे यासाठीच तर आम्ही दार उघडून बसलेले असतो. ज्या लोखंडावर समितीचा भरवसा आहे ते सगळे त्या वेळी बाजूला सारून ठेवलेले असते. चोर रात्रीच येतो ही समजूत मात्र फार जुनी आहे, इतकी की इंग्लंडच्या जुन्या कायद्यात घरफोडीचा तो विशिष्ट मोठा गुन्हा रात्रीच घडू शकत असे, दिवसा तेच केले तर त्याला वेगळे नाव होते. हा भेद तिथे १९६८ च्या चोरीविषयक कायद्याने पुसला. आपल्या परिपत्रकात तो अजून शाबूत आहे.

आता तक्रारी.

पहिली तक्रार वॉचमनची. १९७९ साली लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी चोरीसारख्या गुन्ह्यांबद्दल एक साधी मांडणी केली. गुन्हा व्हायला तीन गोष्टी एका वेळी एका जागी यावी लागतात : करायची इच्छा असलेला माणूस, उचलण्याजोगी वस्तू आणि लक्ष ठेवणाऱ्याचा अभाव. हा लक्ष ठेवणारा पोलिसच हवा असे नाही. जो पाहतो आहे असे चोराला वाटेल असा कोणीही चालतो. चोराची इच्छा आपल्या हातात नाही. वस्तू झाकून ठेवली तर धंदा होत नाही. हातात उरते ती तिसरी गोष्ट, आणि समितीने काढून घेतली ती नेमकी तीच.

समितीतले काही जण म्हणतात की दिवसाचा वॉचमन जागेवर नसायचाच. हे बरेचसे खरे आहे. पण तो कुठे असायचा? पार्किंगमधल्या गाड्या सरकवायला, पाण्याचा पंप चालू करायला, बंद गाळ्यांची पार्सले सही करून घ्यायला. ही कामे त्याला कोणी लावली हे मी इथे लिहायची गरज नाही. त्यातूनही तो जेव्हा दारात असायचा तेव्हा अनोळखी माणसाला 'कोणाकडे जायचंय?' एवढे विचारायचा. खऱ्या गिऱ्हाइकाला या प्रश्नाचा राग येत नाही, उलट वाट विचारायचे त्याचे काम होते. ज्याच्याकडे उत्तर नसते तो मागे फिरतो. फायली घेऊन वर गेलेल्या माणसाला हा प्रश्न कोणी विचारला असता तर त्याला खोटे तरी बोलावे लागले असते, आणि खोटे बोलणाऱ्याचा चेहरा लक्षात राहतो.

रात्री माणूस वाढवायला माझा विरोध नाही. पण रात्री संकुल बंद असते, शटरे खाली, अलार्म चालू, फाटकाला कुलूप. तिथे एकाचे दोन झाल्याने थोडा फरक पडेल. दिवसा एकाचा शून्य झाल्याने पडणारा फरक त्यापेक्षा फार मोठा आहे, आणि हे कळायला समाजशास्त्रज्ञांचीही गरज नाही.

दुसरी तक्रार कॅमेऱ्यांची, आणि इथे मला थोडे सविस्तर बोलायचे आहे, कारण 'वॉचमन कशाला, कॅमेरे आहेत ना' हे वाक्य बैठकीत वारंवार आले.

आपला मुख्य कॅमेरा प्रवेशद्वारासमोरच्या दालनाच्या छताला आहे आणि त्यात सगळे दालन दिसते याचे समितीला कौतुक आहे. सगळे दिसते हाच त्याचा दोष. कॅमेऱ्यांसाठी आयईसी ६२६७६-४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. अनोळखी माणसाची ओळख पटवायची असेल तर तो उभा आहे त्या ठिकाणी चित्राच्या रुंदीत दर मीटरला २५० पिक्सेल मिळायला हवेत, असे त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत धरले आहे. आधी पाहिलेला माणूस 'हाच तो' एवढे म्हणायला १२५. आपला कॅमेरा फुल एचडी आहे, म्हणजे चित्राच्या रुंदीत १९२० पिक्सेल. साधा भागाकार करा. साडेसात मीटर रुंदीपर्यंतच तो चेहरा पटवण्याइतका तपशील देऊ शकतो. वीस मीटर रुंद जागा त्यात बसवली की मीटरला ९६ पिक्सेल उरतात. म्हणजे ओळख पटवणे सोडाच, ओळखीचा माणूसही खात्रीने ओळखता येणार नाही. कोणीतरी आले, कोणीतरी गेले, एवढे समजते. मी चोरीनंतर चित्रण पाहिले तेव्हा समजले तेवढेच.

त्यात भर म्हणजे कॅमेरा दाराकडे तोंड करून आहे. दिवसा बाहेरचा उजेड आत येणाऱ्याच्या पाठीमागून येतो आणि चेहरा काळाठिक्कर पडतो. असा उजेड-अंधाराचा फरक सांभाळून घेणारे, डब्ल्यूडीआर नावाने विकले जाणारे कॅमेरे सहज मिळतात, फक्त घेताना कोणीतरी दिवसा तिथे उभे राहून पाहायला हवे होते. उंची हाही प्रश्न आहे. छतावरून टोप्या आणि टकले चांगली दिसतात. बाहेर पडण्याच्या अरुंद वाटेवर, डोक्यापेक्षा थोडासा वर लावलेला एक कॅमेरा दालनातल्या चार कॅमेऱ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडेल, कारण जाणाऱ्या प्रत्येकाला तिथून एकेकटे आणि समोरून जावे लागते.

चित्रण ठेवायचे यंत्र, म्हणजे डीव्हीआर, फाटकाजवळच्या केबिनमध्ये उघड्या फळीवर आहे. ज्याला पुरावा नको त्याला फार शोधावे लागणार नाही. त्यातले घड्याळ पुढे पळते, त्यामुळे बिलावरची वेळ आणि चित्रणातली वेळ जुळत नाही. चित्रण पाहायचे तर सचिवांकडे लेखी अर्ज करायचा आणि पुढच्या बैठकीत मंजुरीची वाट पाहायची असा नियम आहे. तोवर यंत्राची डिस्क भरते आणि ते सगळ्यात जुन्यावर नवे चित्रण चढवत जाते. मंजुरी मिळते तेव्हा पाहायला काही शिल्लक राहत नाही. नियम कोणी वाईट हेतूने केला असे मी म्हणत नाही. पण चोराने स्वतः केला असता तर याहून सोयीचा झाला नसता.

तिसरी आणि चौथी तक्रार मी एकत्र मांडतो, कारण त्यांची जोडी इतिहासात आधी एकदा जमली आहे. मागच्या जिन्याला कुलूप आणि नोकरवर्गाच्या पिशव्यांची झडती. न्यूयॉर्कमध्ये ट्रँगल शर्टवेस्ट नावाचा कपड्यांचा कारखाना होता. कामगारांनी माल बाहेर नेऊ नये म्हणून सुटताना त्यांना एकाच बाजूने सोडत आणि तिथे त्यांच्या पिशव्या तपासत. २५ मार्च १९११ रोजी आग लागली तेव्हा नवव्या मजल्यावरचे दुसऱ्या जिन्याचे दार कुलूपबंद होते. त्या आगीत १४६ माणसे मेली, बहुतेक तरुण मुली. आपल्या परिपत्रकातले मुद्दे दोन आणि तीन हेच आहेत.

मागच्या जिन्याने चोर पळतात ही समितीची काळजी खोटी नाही. माझा ट्रेसुद्धा बहुधा त्याच वाटेने गेला. पण तो संकटकाळी बाहेर पडायचा जिना आहे, आणि आतून बाहेर पडणाऱ्याला अडवणारे कुलूप त्याला कोणत्याही कारणाने चालत नाही. यावर उपाय आहे आणि तो महागही नाही. आतून आडवी दांडी नुसती ढकलली की उघडणारे आणि बाहेरून न उघडणारे दार, ज्याला पॅनिक बार म्हणतात, आणि दार उघडताच तिथल्या तिथे जोराने वाजणारा भोंगा. आग लागली तर प्रत्येकाला पळता येते. ट्रे घेऊन निघालेला माणूस मात्र भोंगा वाजवत निघतो. दार दिवसभर वीट लावून उघडे ठेवायची जी सवय आपल्याकडे आहे, तीही भोंग्यामुळे आपोआप मोडेल.

झडतीबद्दल. नोकरांकडून कधीच चोरी होत नाही असे म्हणण्याइतका मी भोळा नाही. गल्ल्यातून पैसे जातात, माल बिलाशिवाय जातो, हे प्रत्येक दुकानदाराला माहीत आहे. पण या चोऱ्यांत नोकरांचा हात असल्याचा एकही धागा समितीकडे नाही. तरीही सफाईचे काम करणाऱ्या बायकांनी फाटकावर सगळ्यांसमोर पिशव्या उलट्या करून दाखवायच्या, आणि दिवसभर आलेला-गेलेला अनोळखी माणूस हात हलवत निघून जायचा. माझ्याकडची मुलगी त्या दिवसापासून स्वतःलाच दोष देते. तिची पिशवी तपासायचा अधिकार मी समितीला देणार नाही. गाळ्यातल्या हिशेबाचा प्रश्न गाळ्यातच सोडवता येतो. १८७९ साली अमेरिकेत जेम्स रिटी या मद्यालयाच्या मालकाला असाच संशय होता की नोकर पैसे खिशात घालतात. त्याने कोणाचे खिसे तपासले नाहीत. झालेली प्रत्येक विक्री समोर आकड्यात दिसेल असे यंत्र भावाच्या मदतीने बनवले. आजच्या कॅश रजिस्टरची सुरुवात तिथून झाली. संशय असेल तर नोंद चोख करावी. माणसाला फाटकावर उभे करून काही हाती लागत नाही.

पाचवी तक्रार त्या शेवटच्या ठळक ओळीची. 'समिती जबाबदार राहणार नाही' लिहिताना बहुधा असे गृहीत धरले असावे की ज्याचे नुकसान होईल तो विम्यातून भरून घेईल. दुकानांच्या चोरीविम्यात सर्वसाधारणपणे अट असते ती जबरदस्तीने आत शिरल्याची किंवा बाहेर पडल्याची, म्हणजे तुटलेले कुलूप, वाकवलेले शटर, फोडलेली काच. किंवा मग मारहाण, धमकी. गिऱ्हाईक म्हणून आलेल्याने गुपचूप उचललेल्या मालाला त्यात जागा नसते. थोडक्यात, रात्रीची चोरी झाली तर विमा आहे, अलार्म आहे, आणि आता दोन वॉचमन आहेत. दिवसाची चोरी झाली तर आम्ही आहोत. देखभाल शुल्कात सुरक्षेचा वेगळा आकार आमच्याकडून घेतला जातो, तो चोवीस तासांचा घेतला जातो.

सगळे समितीनेच करावे असे माझे म्हणणे नाही. दुकानदाराने आपल्या परीने जे करायचे ते आम्ही काही जणांनी सुरू केले आहे. मी महागड्या फ्रेमा कुलपाच्या काचेच्या कपाटात हलवल्या, काउंटरवर एका वेळी एकच ट्रे काढायचा असे ठरवले आणि आतल्या खोलीतून काउंटर दिसेल असा आरसा लावला. दोघेही आत-बाहेर अडकणार असतील तर दार लावून 'थोड्या वेळात येतो' ही पाटी लटकवायची. मोबाइलवाल्यांनी दुरुस्तीचे फोन मागच्या खणात ठेवायला सुरुवात केली. गल्ला भरला की वरची रोकड तिजोरीत टाकायची आणि बँकेत जायची वेळ रोज एकच ठेवायची नाही, हेही ठरले. आमच्यात एक व्हॉट्सॲप गट झाला आहे. कोणाला संशयास्पद माणूस दिसला की नुसत्या पेहरावावरून कोणाचा फोटो फिरवायचा नाही, काय घडले ते लिहायचे, असा नियम आम्ही त्यात केला, कारण एका चांगल्या गिऱ्हाइकावर विनाकारण संशय घेतला तर ते नुकसान ट्रेपेक्षा मोठे. आणि चोर सापडलाच तर त्याला अडवून झटापट करायची नाही हेही कामावरच्या मुलांना सांगितले आहे. फ्रेमेसाठी कोणाचे डोके फुटायला नको.

पण दालन, जिना, फाटक आणि कॅमेरे आमच्या ताब्यात नाहीत. ते आपल्या ताब्यात आहेत. म्हणून मागण्या :

१. संकुल उघडल्यापासून बंद होईपर्यंत प्रवेशद्वारात एक वॉचमन असावा. त्याला पंप, पार्किंग आणि पार्सलची कामे लावू नयेत. जेवणाच्या सुट्टीत बदली माणूस असावा, कारण चोर तीच वेळ साधतात.

२. वरच्या मजल्यांवरच्या कार्यालयांत जाणाऱ्यांची नाव आणि कोणाकडे जायचे एवढीच नोंद व्हावी. दुरुस्तीला किंवा तपासणीला म्हणून येणाऱ्याला संबंधित गाळ्यातून फोनवर होकार मिळाल्याशिवाय वर सोडू नये. तळमजल्यावरच्या दुकानांच्या गिऱ्हाइकांना मात्र वहीत अडकवू नये.

३. मागच्या जिन्याचे कुलूप काढून पॅनिक बार आणि भोंगा बसवावा. दार आतून सहज उघडते की नाही याची वॉचमनने रोज सकाळी खात्री करावी.

४. बाहेर पडण्याच्या दोन्ही वाटांवर चेहरा ओळखता येईल असा एकेक कॅमेरा लावावा, आणि तो पास करण्यापूर्वी भर दिवसा एका माणसाला तिथून चालवून चित्र पाहावे. डीव्हीआर बंद कपाटात हलवावा, घड्याळ लावावे. चोरीची तक्रार येताच त्या वेळचे चित्रण त्याच दिवशी वेगळे काढून ठेवावे. मंजुरीच्या बैठका नंतर होत राहतील.

५. पिशव्यांच्या झडतीचा निर्णय मागे घ्यावा.

६. सुरक्षेसाठी घेतलेली रक्कम दिवसा किती आणि रात्री किती खर्च होते, याचा हिशेब फलकावर लावावा.

सहाव्या मागणीने कोणाला राग येईल याची मला कल्पना आहे. हिशेब पाहून समितीचा निर्णय बरोबर होता असे निघाले तर तसे मी सभेत उभा राहून म्हणेन.

या मागण्यांवर चर्चेसाठी विशेष सभा बोलवावी, आणि ती दुपारी, संकुल चालू असताना बोलवावी, म्हणजे सदस्यांना मागचा जिना आणि कॅमेरे चालू स्थितीत पाहता येतील. नव्या कॅमेऱ्यांना वेळ लागेल, दरपत्रके मागवावी लागतील, ते समजू शकतो. वॉचमनला पुढच्या महिन्यापासून घ्या. जिन्याचे कुलूप मात्र सभेची वाट न पाहता आजच काढा.

आपला,
तळमजल्यावरचा एक गाळेधारक